पूजेच्या टेबलावरची इथरची बाटली

"कांचन, ती बाटली आहे तशीच धर. अजिबात हलवू नकोस."

मी हे हळू आवाजात म्हणाले. एरवी मी लॅबमध्ये बोलले की कॅन्टीनमधल्या माणसाला ऐकू जातं, अशी माझी ख्याती. पण त्या क्षणी घशातून जेमतेम एवढंच बाहेर पडलं. ते बरंच झालं म्हणायचं. ओरडले असते तर पोरगी दचकली असती, आणि मग हे सांगायला ना ती उरली असती ना मी.

चाकणच्या एमआयडीसीत आमची कंपनी गाड्यांसाठी लागणारे ॲडहेसिव्ह बनवायची. म्हणजे काच, रबर, पत्रा एकमेकांना चिकटवायचे गोंद. मी तिथं क्यूसी हेड होते. तयार माल तपासायचा, पास की नापास ते सांगायचं आणि प्रॉडक्शन, कस्टमर अशा दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यातल्या माणसाला हा दिवस दिवाळीहून मोठा. मशिनी धुऊनपुसून हार घालायचे, हत्यारांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. मग लॅबवाल्यांनीच काय घोडं मारलंय? आम्हीही टेबलावर पांढरी चादर टाकायचो. त्यावर वजनकाटा, ब्युरेट, थर्मामीटर, आणि टेबल भरल्यासारखं दिसावं म्हणून केमिकलच्या बाटल्यांची एक रांग. दरवर्षी असंच. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणारी मीच.

एका मीटिंगमुळे मला दहा मिनिटं उशीर झाला होता. लॅबचं दार उघडलं तर चौदा माणसं टेबलाभोवती उभी. प्लँट हेड पाटणकर साहेबांच्या हातात पेटलेलं निरांजन ठेवलेलं ताट. मेंटेनन्सचे नारायणकाका ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडेशी नारळ घेऊन उभे, हात वर उचललेला. आणि आमची लॅब असिस्टंट कांचन, नवी कोरी जांभळी साडी नेसून, डाव्या हातात एक तपकिरी बाटली धरून उजव्या हाताच्या बोटानं तिला कुंकू लावत होती.

बाटलीच्या झाकणाखाली पांढरा थर होता. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात धरतो ना, तसा. खिडकीतला उजेड तपकिरी काचेतून आरपार येत होता. आत तळाशी पाण्यासारखं थोडं काहीतरी दिसत होतं, आणि काचेला टेकून उभ्या बारीक बारीक सुया. लेबलवर कांचनच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: आयसोप्रोपिल इथर.

सुरुवातीचं ते वाक्य मी याच क्षणी, दारातूनच म्हणाले.

आता हे इथर काय प्रकरण आहे ते सांगते. इथर म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, गोडसर वासाचं सॉल्व्हंट. एखादी वस्तू दुसरीतून विरघळवून बाहेर काढायला लॅबमध्ये वापरतात. पेट्रोलसारखा पेट घेतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेवढी काळजी सगळे घेतात. पण त्याचा दुसरा अवगुण गुपचूप वाढणारा. बाटली एकदा उघडली की आत हवा शिरते. हवेतला ऑक्सिजन महिनोन् महिने त्या इथरशी खेळत बसतो आणि पेरॉक्साइड नावाची चीज तयार होते. तसं होऊ नये म्हणून विकणारा त्यात थोडं औषध घालून देतो, पण ते काही जन्मभर पुरत नाही. पुढं त्या पेरॉक्साइडचे स्फटिक बनतात. लहानपणी दिवाळीत आपण टिकल्या फोडायचो, दगडानं ठेचून. या स्फटिकांची जात तीच, पण ताकद विचारू नका. फुटायला आगीची गरज नाही, ठिणगीची गरज नाही. नुसतं घासलं, आपटलं, झाकण पिळलं तरी पुरतं. आणि सगळ्या इथरांत या बाबतीत सर्वांत बेभरवशाचं जर कुठलं असेल तर हेच, आयसोप्रोपिल.

आणि ती बाटली कांचनच्या हातात होती. तिच्यापासून दोन हातांवर नारळ फुटणार होता, त्याच दगडावर, ज्याला टेबल टेकलेलं होतं.

"काका, नारळ खाली घ्या."

"अवो मॅडम, आता थांबून कसं चालंल? हात उचललाय—"

"काका, पाया पडते तुमच्या. हात खाली घ्या. नारळ घेऊन बाहेर जा."

नारायणकाका म्हणजे चाकणजवळच्याच गावचे, जुने जाणते. मला 'बाई लई तापट हाय' म्हणायचे, तोंडावर. पण मी पाया पडते म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. मुकाट्यानं त्यांनी नारळ छातीशी धरला.

"इनामदार मॅडम, काय चाललंय?" पाटणकर साहेब म्हणाले.

"साहेब, सगळ्यांना घेऊन पार्किंगमध्ये जा. ताटासकट. कुणी पळायचं नाही, कुणी दार आपटायचं नाही. प्रश्न बाहेर विचारा."

माणसं निघाली. सत्तावीस वर्षं माझा आरडाओरडा ऐकलेली माणसं मी हळू बोलतेय हे बघूनच घाबरली होती. एकानं दार हातानं धरून ठेवलं. उरलो मी आणि कांचन.

"मॅडम, माझं काही चुकलं का ओ?"

कांचन मूळची लातूरकडची. बारावी सायन्स, कंत्राटावर चार वर्षं आमच्याकडे. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये, घरी चार वर्षांची मुलगी. सण म्हणून हातभर काचेच्या बांगड्या घातल्या होत्या. त्या आता किणकिण वाजायला लागल्या होत्या, कारण तिचा हात थरथरत होता. त्या आवाजानं माझा जीव जात होता.

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "ऐक. त्या बाटलीत जुनं इथर आहे. ते आपटायला नको, एवढंच. आपण ती खाली ठेवणार आहोत. झाकणाला हात लावायचा नाही. दुसरा हात बाटलीच्या खाली घे. हं. आता चादरीवर टेकव. घाई नाही."

"फुटंल का मॅडम?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण खोटं बोलले असते तर तिनं ओळखलं असतं, आणि मग माझ्या पुढच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नसता.

"हळू ठेवलीस तर नाही."

तिनं ओठ दाताखाली दाबून बाटली खाली आणली. तळ चादरीला टेकला. आवाज आला नाही. मी म्हटलं, सोड आता. तिला बोटं सोडता येईनात. घट्ट धरून धरून आखडली होती. मी जवळ गेले, तिचं मनगट धरलं, आणि तिनं एकेक बोट सोडवलं. मग आम्ही दोघी उलट्या पावलांनी दारापर्यंत गेलो. बाहेर पडल्यावर ती मटकन खाली बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी तिचं मनगट अजून सोडलेलंच नाही.

पार्किंगमध्ये वेगळाच तमाशा. पाटणकर साहेब वाऱ्यापासून निरांजन वाचवत उभे. मी सांगितलं, बॉम्बशोधक पथकाला फोन करा.

"बॉम्ब?" साहेबांचे डोळे विस्फारले. "अहो मॅडम, एक बाटली आहे! पोलीस आले म्हणजे बातमी झाली. बातमी झाली म्हणजे कस्टमर आला विचारायला. हळूच उचलून मागच्या माळावर ठेवून येऊ. नारायण जाईल."

"जातो की," नारायणकाका लगेच म्हणाले. "त्यात काय हाय? लई बाटल्या उचलल्यात आमी."

माझं डोकं सणकलं. आवाजही परत आला, पूर्वीसारखा.

"साहेब, तुम्ही जाता का? स्वतः? नारायण जाईल, कांचन जाईल, सगळे जातील. तुमच्या घरचं कुणी असतं तर पाठवलं असतंत का आत?"

चौदा माणसांसमोर प्लँट हेडला असं बोलायचं नसतं. बोलून गेले खरी. साहेबांनी निरांजन सिक्युरिटीच्या टेबलावर ठेवलं, फोन काढला आणि स्वतःच लावला. माणूस वाईट नव्हता हो. घाबरला होता, आणि घाबरलेला साहेब आधी कस्टमरचा विचार करतो.

पाऊण तासानं पथक आलं. तोवर सगळा प्लँट बंद, सगळे लोक गेटबाहेर. पथकाचे प्रमुख शिंदे नावाचे, शांत गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"बाटली किती जुनी?"

मी फोनवर काढलेला फोटो दाखवला. दारातून बाहेर पडता पडता, कसं काय सुचलं देव जाणे, मोकळ्या हातानं लांबून काढला होता. शिंद्यांनी तो मोठा करून लेबल वाचलं. "यावर तर याच वर्षाची तारीख आहे. मग एवढे स्फटिक?"

मी वाकून बघितलं. तारीख खरंच याच वर्षाची होती. गेल्या ऑडिटच्या आठवड्यातली. म्हणजे बाटली नवी? मग आत सुया कशा? मी स्टोअरच्या मुलाला त्याच्या फोनवर खरेदीच्या नोंदींची सिस्टिम बघायला लावली. आयसोप्रोपिल इथर, अर्धा लिटर, एक नग. खरेदी अकरा वर्षांपूर्वी. त्यानंतर एकदाही नाही. तेव्हा एका प्रॉडक्टच्या ट्रायलसाठी मागवलं होतं, ट्रायल फसली, प्रॉडक्ट बंद पडलं. मागणीवर सही माझी.

"लेबल कुणी लावलं?" शिंद्यांनी विचारलं.

कांचन पुढं आली. डोळे लाल. "मीच लावलं साहेब. दर ऑडिटला लावते. आधीच्या असिस्टंटनं चार्ज देताना तसंच शिकवलं. जुनं लेबल पिवळं पडतं, मग काढून नवं चिकटवायचं, आणि त्या दिवसाची तारीख टाकायची. मॅडमची चेकलिस्ट हाय ना, 'सर्व बाटल्यांना स्वच्छ लेबल'. तसं."

चेकलिस्ट माझीच होती. मीच टाइप केलेली. एकदा एका ऑडिटरनं फाटक्या लेबलवरून नाक मुरडलं होतं. तेव्हा मी सगळ्यांना फैलावर घेऊन सांगितलं होतं की यापुढं एकही लेबल मळकं दिसता कामा नये. बाटली उघडल्याची तारीख जपा, हे मी कुठं लिहिलं नव्हतं. कशाला लिहायचं, तेवढं कळतंच की माणसाला, असं वाटलं असावं. माणसांनी अगदी सांगितलं तसं केलं. अकरा वर्षं ती बाटली दर ऑडिटला पुन्हा नवी होत गेली. आणि दर वर्षी चेकलिस्टवर त्या ओळीसमोर बरोबरची खूण आणि माझी सही. लाज वाटली मला. तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

कांचनचं बोलणं संपलं नव्हतं.

"मॅडम, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल गं."

"काल पूजेसाठी कपाटं धुतली तेव्हा ती बाटली पहिल्यांदा पूर्ण बाहेर काढली. एरवी तिथंच आत हात घालून लेबल लावायचे. झाकणाला पांढरं जमलेलं बघितलं. म्हटलं उघडून आतून स्वच्छ करावं. हातानं जोर लावून बघितला, तर हलंना. मग काकांकडं पाइप पाना मागितला."

पाइप पाना म्हणजे नळाचे जाम झालेले सांधे फिरवायचा मोठा, दातेरी पाना. तो त्या झाकणाला लावला असता तर काय झालं असतं, हे मला शिंद्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मग?" मी नारायणकाकांकडं वळले. "दिला तुम्ही?"

"न्हाई दिला," काका म्हणाले. "कसा देनार? हत्यारं धुऊन पूजेला मांडली व्हती. मांडलेलं हत्यार पूजा झाल्याबिगर हातात घ्येत न्हाईत. आमच्या बापाचीच शिकवन हाय ती. मी म्हनलं, पोरी, उद्या नारळ फुटला की घिऊन जा."

कांचननं दोन्ही हात साडीच्या पदरात गुंडाळून घेतले. मी इतकी वर्षं केमिस्ट्री केली, सेफ्टीची ट्रेनिंगं घेतली, दिली, भिंतीवर पोस्टर लावली. त्यातलं काहीएक आदल्या दिवशी त्या पोरीच्या कामी आलं नव्हतं. ती वाचली ती एका म्हाताऱ्या फिटरनं पाना द्यायला नकार दिला म्हणून, आणि तोही भलत्याच कारणासाठी. मला रडू आवरेना. सगळ्यांसमोर, गेटबाहेर, ट्रक उभे असतात तिथं मी हमसून हमसून रडले. काकांनी आपला गमछा पुढं केला. त्याला ग्रीसचा वास येत होता.

पुढचं काम पथकाचं. जाड सूट घातलेला एक माणूस आत गेला. वाळू भरलेल्या जाड डब्यात बाटली ठेवून ती मागच्या मोकळ्या माळावर नेली. त्याला जेमतेम वीस मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात मी कधी नव्हे ते सगळे देव आठवले. माळावर खड्डा केला, छोटा चार्ज, म्हणजे बाटली उडवायला थोडं स्फोटक, लावला, सगळ्यांना लांब पाठवलं.

आवाज झाला. पत्र्याच्या शेडवरची कबुतरं एकदम उडाली. ऑफिसच्या काचा थडथडल्या. पाटणकर साहेब खालीच बसले, चांगल्या इस्त्रीच्या पँटमध्ये.

शिंदे परत आले तेव्हा मी विचारलं, "एवढा मोठा चार्ज लावलात?"

"चार्ज एवढासा होता मॅडम," त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "बाकी सगळं तुमचं."

दसऱ्याच्या सुट्टीनंतर चौकशीची मीटिंग झाली. अशा मीटिंगमध्ये 'रूट कॉज' लिहायचं असतं, म्हणजे घडलं त्याचं मूळ कारण. वरच्या ऑफिसकडून मसुदा आधीच टाइप होऊन आला होता: 'कंत्राटी असिस्टंटने परस्पर लेबल बदलले. सेवा समाप्त करावी.' छान. एका ओळीत सगळे मोकळे. ज्या पोरीचे हात थोडक्यात वाचले, तिच्याच हातचं काम काढून घ्यायचं.

"परस्पर नाही," मी म्हटलं. "माझ्या सांगण्यावरून. चेकलिस्टच्या अकरा प्रती आणल्यात. सगळ्यांवर माझी सही आहे. समाप्त करायची तर सुरुवात माझ्यापासून करा."

पाटणकर साहेबांनी मसुदा दोनदा वाचला. मग पेन काढलं आणि ती ओळ खोडली. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

"द्या की. हक्काचा आहे माझा."

मेमो मिळाला. सत्तावीस वर्षांतला पहिला. कांचन कामावर राहिली. लॅबमधली सगळी इथरं बाहेर काढली. ज्यांच्यावर उघडल्याची खरी तारीख नव्हती, ती एजन्सी बोलावून नष्ट करायला दिली. नवा नियम झाला: बाटली उघडली की तारीख थेट काचेवर, पुसली न जाणाऱ्या पेनानं. लेबल फाटो, मळो, ऑडिटर नाक मुरडो, त्या तारखेला हात लावायचा नाही. उघडल्यापासून काही महिन्यांत तपासायची, नाहीतर टाकून द्यायची. झाकणाला पांढरं दिसलं, आत सुया दिसल्या, तर हात लावायचा नाही. माणसं बाहेर काढायची आणि फोन करायचा. पुसायचं नाही, उघडायचं नाही, 'मी जातो की' म्हणायचं नाही.

रिपोर्ट पक्का झाल्यावर त्यावर कांचनची सही हवी होती. मी तिला समोर बसवून सगळा वाचून दाखवला. इंग्रजी होता, म्हणून मराठीत सांगत गेले. तिनं नीट ऐकलं. सही केली. पेन परत देताना थांबली.

"मॅडम, एक विचारू? ती बाटली कायम सगळ्यात खालच्या कप्प्यातच होती. अकरा वर्षांत तुम्ही तो कप्पा एकदाही नाही का बघितला?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही बघितला," मी म्हटलं. "खाली बसावं लागायचं. माझे गुडघे दुखायचे. म्हणून तुम्हाला बसवत होते."